माटोळीतलं जुनिपर

बेळगावच्या नर्सरीतून जुनिपरची दोन रोपं मांडीवर घेऊन मी गोव्यात पार्सेला परत आले, तेव्हा गाडीचं दार उघडायच्या आधीच वयनीने विचारलं, "ह्यां खातंत काय गो?"

"नाही."

"फुलां येतंत?"

"नाही हो, वयनी."

"मग कित्याक आणलंस? सावलेक?"

रोपं माझ्या गुडघ्यालाही पोचत नव्हती. त्यांच्या सावलीत एखादी मुंगी बसली असती फार तर. वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. भावोजी गेल्यापासून तिने स्वतःची चूल वेगळी मांडली आहे, पण घर एकच, अंगण एकच आणि संध्याकाळचा चहाही एकच. त्या अंगणात तिला पटल्याशिवाय गवताची काडीही उगवत नाही.

या झाडाचं वेड मला लागलं ते डिचोलीच्या बँकेतून निवृत्त झाल्यावर. आम्ही पाचसहा मैत्रिणी हिमाचलला गेलो होतो. एका गावात ज्या घरी उतरलो होतो, तिथली बाई सकाळी उठून निखाऱ्यावर एका झाडाची सुकलेली फांदी टाकायची आणि त्याचा धूर घरभर फिरवायची. तो वास थंड होता. वास थंड कसा असेल, असं कुणीही विचारील, पण मला दुसरा शब्द सापडत नाही. धुराने डोळे चुरचुरत आणि तरी छातीत काहीतरी मोकळं होई. झाडाचं नाव विचारलं तर तिने त्यांच्या बोलीतलं काहीतरी सांगितलं आणि तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने "जुनिपर" म्हणून भाषांतर केलं. तिथून रोप आणणं शक्य नव्हतं. डोंगरातलं झाड, आमच्या घामट हवेत दोन दिवस टिकलं नसतं. पण पुढे बेळगावला एका लग्नाला गेले असताना नर्सरीत तेच नाव दिसलं. शेंडा चुरडून नाकाला लावला. तोच वास नव्हता, पण त्याच्या चुलत भावाचा नक्की होता.

नर्सरीवाल्याने बजावून सांगितलं होतं, "भरपूर ऊन द्या, पाणी बेताचं द्या आणि मुळाशी पाणी साचू देऊ नका." यातली पहिली अट पार्सेत सहज पाळता येते. उरलेल्या दोन्ही अटींच्या आड माझे यजमान उभे होते.

हे पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. आयुष्यभर लोकांनी त्यांना रस्त्यात अडवून विचारलं, "नळाक पाणी कधी येतलां?" त्या सगळ्या वर्षांची भरपाई निवृत्तीनंतर माझ्या जुनिपरला मिळाली. सकाळी पदेराचा भोंगा वाजला की हे पाव घ्यायला बाहेर जायचे आणि येताना नळी सोडायचे. मी ओरडले की म्हणायचे, "अगो, तहान लागते त्याला. बघ कसं तरतरीत दिसतंय."

तरतरीत दिसत होतं हे खरं. जुनिपरचा हा लबाडपणा मला तेव्हा ठाऊक नव्हता. मुळं कुजून झाड आतून संपलेलं असतं, तरी वरून ते कित्येक दिवस हिरवंगार राहतं. पावसाळा आला, आमच्या अंगणातल्या तांबड्या मातीत डबकं झालं, आणि मग एक दिवस मी आतल्या फांद्या बाजूला करून बघितलं तर सगळं तपकिरी. ओढलं तर रोप अलगद हातात आलं. मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं. हे महिनाभर मढ्याला पाणी पाजत होते.

वयनीने जनेलातून बघितलं आणि म्हणाली, "मेलां? बरां झालां. थंय मिरच्यो लावया."

दुसरं रोप मी अजून कुंडीतच ठेवलं होतं, म्हणून ते वाचलं. त्याच्यासाठी मी हट्टाने चिऱ्यांचा कमरेएवढा उंच ओटा बांधून घेतला. तळाला दगडांचे तुकडे, वर खडी, मग रेती आणि थोडीशी माती. पाणी ओतलं की क्षणात खालून वाहून गेलं पाहिजे, असा तो ओटा. पुढच्या पावसाळ्यात त्यावर बांबू रोवून प्लास्टिकचा मांडव घातला. गावातले लोक थांबून विचारायचे, कोणाचं लग्न आहे म्हणून.

ओटा झाला, मांडव झाला, तरी झाडाचे शत्रू संपेनात. वयनी मासे धुतलेलं पाणी नेमकं त्याच्या बुंध्यात ओतायची, कारण तिच्या मते बांगड्याच्या पाण्याने न वाढणारं झाड देवाने बनवलेलंच नाही. शेजारचे गुरुजी पहाटे हातात पिशवी घेऊन वाड्यावरच्या सगळ्या कुंपणांतली फुलं गोळा करायचे. त्यांना हारात फुलांमधून घालायला हिरवं काहीतरी हवं असे, आणि माझ्या झाडाचे शेंडे त्या कामाला फार छान शोभायचे. आणि संध्याकाळी यांचे दोन मित्र सोप्यावर गप्पा मारायला यायचे. त्यातल्या एकाने एकदा हात मोकळे होते म्हणून कात्री घेऊन झाडाला लाडवासारखा गोल आकार दिला. जुनिपरच्या जुन्या, तपकिरी लाकडापर्यंत कापलं की तिथे परत पालवी फुटत नाही. रस्त्याच्या बाजूला झाडाला जे टक्कल पडलं ते आजही आहे.

सांगून बघितलं. भांडून बघितलं. कुणी ऐकेना. मग एका दुपारी मला वाटलं, माणसं झाडाचं ऐकणार नाहीत, पण स्वतःच्या भल्याचं नक्की ऐकतील.

वयनीला मी चहा पिता पिता म्हटलं, "हिमाचलात हे झाड देवाला लागतं. सकाळी याचाच धूप घालतात. आपण यावर माशाचं पाणी ओततोय, मला कसंसंच होतं."

वयनीचा चहाचा कोप तोंडाशीच थांबला. "आदी सांगूंक जायना तुका?"

दुसऱ्या दिवसापासून माशाचं पाणी माडाच्या आळ्यात जाऊ लागलं आणि तिन्हीसांजेला तुळशीला ओवाळलेली उदबत्ती जुनिपरलाही ओवाळली जाऊ लागली. यात मी खोटं असं काही बोलले नव्हते.

गुरुजींच्या बाबतीत मात्र थोडं बोलले. ते कुंपणाशी आले तेव्हा मी मुद्दाम कोपर खाजवत उभी राहिले. "गुरुजी, याच्या पानांना हात लावू नका हं. मला बघा काय झालंय. डॉक्टर म्हणाले, एकदा खाज सुटली की वर्षभर जात नाही." गुरुजींनी आपल्या दोन्ही हातांची बोटं धोतराला पुसली आणि तेव्हापासून ते आमच्या कुंपणाच्या त्या टोकाला वळसा घालून जायला लागले.

राहिले हे आणि यांचे मित्र. त्यांच्याशी मी बहुतेक खरं तेच बोलले, फक्त योग्य वेळ साधून. काजूचे दिवस होते, सोप्यावर हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, चालली होती. मी तळलेले शेंगदाणे ठेवता ठेवता म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे ना, जिन कशापासून करतात ते? त्या झाडाच्या फळांपासून. निळसर काळी, मिरीएवढी फळं येतात."

तिघेही मान वळवून अंगणात बघू लागले. इतक्या आदराने त्यांनी गावच्या सरपंचाकडेही कधी बघितलं नसेल.

"आपल्याकडच्या झाडाला येतील?" यांनी विचारलं.

"का नाही येणार? फक्त पाणी कमी पाहिजे. जास्त पाणी दिलं तर फळाला वासच येत नाही."

त्या दिवसापासून नळी बंद. उलट कुणी झाडाजवळ बादली नेली तरी हे धावायचे. उन्हाळ्यात पानांवर धुरकट रंग चढला, तेव्हा मी खाली पांढरा कागद धरून फांदी झटकली. कागदावर लाल ठिपके चालू लागले. कोळ्यांच्या जातीचे बारीक किडे. त्यावर उपाय म्हणजे सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारायचा, म्हणजे ते धुऊन जातात. हे काम मी यांच्याकडे दिलं. यांना नळी परत मिळाली आणि ते असे खूश झाले, जणू खात्याने त्यांना पुन्हा कामावर बोलावलं होतं. मुळाशी पाणी मुरू नये म्हणून बुंध्याभोवती प्लास्टिक मी स्वतःच बांधत असे.

झाड बहरलं. गोलसर, दाट, उन्हात चांदीसारखं चमकणारं. पण फळाचा पत्ता नव्हता. दर महिन्याला हे वाकून बघायचे आणि विचारायचे, "अजून नाही?" मी वाचलं होतं की जुनिपरमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. आमचं कोण आहे कुणास ठाऊक. मी यांना म्हणायचे, "एकटं आहे हो बिचारं. लग्न झाल्याशिवाय फळ कसं येईल?"

आणि मग आली चतुर्थी.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, तिला रानातली फळं, फुलं, वेली टांगायच्या. सुपारीचा घड, नारळांचा घोस, तोरिंगण, चिबूड हे तर सगळ्यांकडे असतंच. पण जी वस्तू शेजाऱ्याच्या माटोळीत नाही ती आपल्या माटोळीत असावी, हीच खरी ईर्षा. त्यात त्या वर्षी गावात माटोळीची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक घरोघरी येणार, प्रत्येक वस्तूचं नाव विचारणार, औषधी गुण विचारणार. आमच्या घरची माटोळी वयनी बांधते. ती आठवडाभर आधीपासून रानात जाऊन येत होती आणि काय आणलं ते मलाही दाखवत नव्हती.

चतुर्थीच्या सकाळी मी देवघरात गेले आणि वर बघितलं. माटोळीच्या मधोमध, अगदी मूर्तीच्या मुकुटावर, माझ्या जुनिपरची चांगली हातभर फांदी टांगलेली होती. आणि तिला फळं होती. काळसर, वरून पांढरट धूळ बसल्यासारखी, झुबक्या-झुबक्यांनी.

मी धावत अंगणात गेले. झाड सगळीकडून उलटंपालटं करून बघितलं, आतल्या फांद्यांतही हात घातला. एकही फळ नाही. आत आले तर वयनी मोदकाच्या पिठात हात घालून माझ्याकडे बघतही नव्हती.

"वयनी, फळं कुठे होती?"

"झाडाच्या मागल्या बाजूक," ती म्हणाली. "तुका दिसूंक नाय."

तेवढ्यात अंगणात आवाज झाले. परीक्षक आले होते, एक वृद्ध वैद्य आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा घेतलेली एक मुलगी. दर्शनाला म्हणून गुरुजीही पाठोपाठ आले. हे आणि यांचे मित्र सोप्याच्या दारात उभे.

वैद्यांनी चष्मा वर-खाली करत एकेक वस्तू विचारायला सुरुवात केली. वयनी न अडखळता सांगत होती. अमकं पोटदुखीवर, तमकं तापावर, ही वेल बाळंतिणीला. वैद्य खूश दिसत होते. मग त्यांची नजर मध्यभागी गेली.

"आणि हे काय?"

"देवधूप," वयनी म्हणाली. "वर हिमालयात देवाक घालतत."

वैद्यांनी हात वर केला. तेवढ्यात मागून गुरुजी ओरडले, "वैद्यबुवा, हात लावू नका! खाज सुटते! वर्षभर जात नाही!"

वैद्यांचा हात हवेतच राहिला. वयनीने गुरुजींकडे असं बघितलं, जणू त्यांनी गणपतीसमोर शिवी दिली. त्यात यांच्या त्या कात्रीवाल्या मित्राने भर घातली. "काय सांगता गुरुजी? अहो, हे जिनचं झाड!"

"जिन?" वयनी म्हणाली. "म्हणजे भूत?"

"भूत कसलं! सोरो! विलायती सोरो करतात याचा!"

देवाच्या डोक्यावर वयनीने दारूचं झाड टांगलं होतं, ते शेजाऱ्यांदेखत, परीक्षकांदेखत आणि कॅमेऱ्यादेखत. मग सगळी तोंडं हळूहळू माझ्याकडे वळली. या झाडाबद्दल तिघांना तीन तऱ्हांनी कुणी सांगितलं, याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात एकाच वेळी जुळला असावा.

मी म्हटलं, "तसं बघितलं तर तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे."

वैद्य हसले. "याला जुनिपर म्हणतात ना? आपल्या आयुर्वेदात याच्याच जातीच्या एका झाडाला हपुषा म्हणतात. पोटातल्या वायूवर त्याचं फळ देतात." मग वयनीकडे वळून म्हणाले, "देवधूप म्हणालात तेही खोटं नाही. त्याच्या जातीच्या झाडांचा धूप घालतातच डोंगरात." असं म्हणत त्यांनी वर हात करून एक फळ तोडलं आणि तोंडात टाकलं.

मी वयनीकडे बघितलं. वयनी जमिनीकडे बघत होती.

वैद्यांनी फळ चावलं. थांबले. पुन्हा चावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दुसरं फळ तोडून उजेडात धरलं, नखाने त्यावरची पांढरी धूळ खरवडली आणि देठाकडे बघितलं. देठ नव्हताच. तिथे फणसाच्या चिकाचा एक छोटासा थेंब होता. धूळ म्हणजे तांदळाचं पीठ होतं. आणि फळ होतं आमच्या परसातल्या पोफळीवर चढलेल्या वेलीची, वाळवून ठेवलेली मिरी.

दारातल्या मंडळींना यातलं काही दिसलं नाही, कारण वैद्यांची पाठ तिकडे होती. त्यांनी खाली वाकून फक्त आम्हा दोघींना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "हपुषा वायूवर चालते. मिरीही वायूवर चालते. तुमच्या झाडाने दोन्ही गुण एकाच फळात आणलेत, असं मी तरी कुठे पाहिलं नव्हतं."

वयनी कशीबशी म्हणाली, "वैद्यबुवा, मोदक खावन जावा."

ते दोन मोदक खाऊन गेले. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलची एक कळशी. झाड आपल्या रानातलं नाही म्हणून त्याचे गुण धरले नाहीत, असं त्यांनी निकाल देताना सगळ्यांसमोर सांगितलं. मिरीबद्दल एक अक्षर नाही.

त्या दिवशी लोक गेल्यावर मी आणि वयनी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. ती माझ्यावर चिडलेली होती, मी तिच्यावर. माझ्या झाडाची हातभर फांदी तिने न विचारता तोडली होती. मी तिला सोऱ्याच्या झाडाला उदबत्ती ओवाळायला लावली होती.

"तू माका फशिवलंस," ती म्हणाली.

"आणि तुम्ही गणपतीला फसवलंत."

वयनीने तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडते आहे. तर तिचे खांदे हसण्याने हलत होते. मग मलाही आवरेना. मोदकाची परात तशीच राहिली.

पण खरी गंमत यानंतरच झाली. पाच दिवसांनी विसर्जन झालं, माटोळी सोडली, फळं वाटून टाकली. मी फांदी शोधायला गेले तर फांदी कोपऱ्यात पडलेली, आणि तिच्यावरची सगळी फळं गायब. दोन दिवसांनी कपाटात फेणीच्या एका बाटलीच्या तळाशी काळे मणी दिसले. हे आणि यांचे मित्र वैद्यांचं बोलणं लांबून ऐकत होते, त्यातलं 'जुनिपर' तेवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. इतक्या दिवसांची आस फळाला आली होती.

मी वयनीला हळूच बोलावून बाटली दाखवली.

"सांगूया?" मी विचारलं.

"मगीर," वयनी म्हणाली. "पयलीं पिवंदेत."

पंधरवड्याने सोप्यावर बाटली उघडली. आम्ही दोघी जनेलाच्या आत अंधारात उभ्या. यांनी कोपात थोडं थोडं ओतलं, उजेडात धरून बघितलं, वास घेतला. कात्रीवाल्या मित्राने पहिला घोट घेतला आणि छाती धरली. "आई गे! घशातून आग गेली रे!"

"कडक आहे," दुसरा म्हणाला.

"विलायती म्हणजे अशीच," हे म्हणाले. "आपली फेणी हिच्यापुढे पाणी." त्यांनी दुसरा घोट घेतला, डोळे पुसले आणि फार शांतपणे म्हणाले, "वास बघ, वास. हिमालयाचा वास येतो."

वयनी माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं.

आम्ही सांगितलं नाही. आधी 'आज नको', मग 'या आठवड्यात नको', असं करता करता सांगायची वेळ निघून गेली. आणि बाटली संपल्यावर यांनी जे केलं ते बघून तर सांगणं अशक्यच झालं. एका सकाळी हे मला न सांगता बेळगावला गेले. संध्याकाळी परत आले ते छाती फुगवून. मागच्या सीटवर कुंडी होती.

"जोडीदार आणलाय," हे म्हणाले. "नर आहे. आता बघ वर्षावर्षाला फळं कशी येतात ती."

मी आणि वयनी कुंडीवर वाकलो. पंख्यासारखी चपटी, उभी पानं. शाळेत असताना विद्या येते म्हणून जे पान आम्ही पुस्तकात घालून ठेवायचो ते. नर्सरीवाल्याने यांना नर जुनिपर म्हणून साधी मोरपंखी दिली होती.

वयनीने माझ्याकडे बघितलं. मी वयनीकडे बघितलं.

"बरो दिसता," वयनी गंभीरपणे म्हणाली. "उंच आसा. आमच्या नवरीक शोभतलो."

यांनी स्वतःच्या हाताने दुसरा ओटा बांधला, चिऱ्यांचाच, तळाला खडी घालून. पावसाळ्यात मांडव आता दोघांवर मिळून घालतात. पाण्याची नळी पुन्हा यांच्याकडेच आहे, पण आता ते मातीत बोट खुपसून ओल बघतात आणि मगच ठरवतात. मोरपंखी फार भराभर वाढते, जुनिपरच्या डोक्याच्या वर गेली आहे. फळ अर्थातच अजून आलेलं नाही. हे दर रविवारी चष्मा लावून दोन्ही झाडं तपासतात, आणि कुणी विचारलं तर सांगतात की घाई करून चालत नाही, या जातीत सगळं सावकाश होतं.